सभा, सेवा आणि सत्ता : समकालीन रशियन वंशनिष्ठ राष्ट्रवादी गटांच्या लोककार्याची चिकित्सा

(१)

लोकांतून उठलेली चळवळ म्हटली की राज्यशास्त्राचा अभ्यासक तिच्याकडे बहुधा सहानुभूतीने पाहू लागतो. वरून आलेली आज्ञा ती जुलमाची आणि खालून आलेली मागणी ती स्वातंत्र्याची, असे एक समीकरण नागरी समाजविषयक लेखनाने गेल्या काही दशकांत रूढ केले आहे. ज्या कार्यात सामान्य माणसे आपला वेळ, श्रम व पैसा खर्च करतात, परस्परांच्या अडीअडचणींना धावून जातात आणि शासनयंत्रणेला जाब विचारतात, ते कार्य लोकशाहीला पोषक असलेच पाहिजे, असे या समीकरणात गृहीत धरलेले असते. रशियातील वंशनिष्ठ राष्ट्रवादी गट या गृहीताची कसोटी पाहतात. वर सांगितलेली सारी लक्षणे त्यांच्या कार्यात आढळतात. तथापि त्या कार्याची फलश्रुती पाहू गेल्यास एकीकडे परक्या ठरविलेल्या दुर्बल माणसांवर वाढती दहशत आणि दुसरीकडे राजसत्तेचे वाढते बळ, हीच दिसून येते. ही विसंगती कशी उत्पन्न होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

विषयप्रवेशापूर्वी एका शब्दाचा उलगडा करणे अगत्याचे आहे. मराठीत ज्याला आपण ‘रशियन’ म्हणतो त्यासाठी रशियन भाषेत दोन निरनिराळी विशेषणे आहेत. ‘रुस्की’ हे विशेषण वंश, भाषा व संस्कृती यांनी रशियन असणाऱ्याला लागते. ‘रोस्सीयस्की’ हे रशियाच्या राज्याशी संबंधित असलेल्या कोणालाही किंवा कशालाही लागते. चेचेन, तातार किंवा याकूत मनुष्य दुसऱ्या अर्थाने रशियन असतो, पहिल्या अर्थाने नसतो. १९९३ च्या राज्यघटनेने सार्वभौमत्व ‘बहुराष्ट्रीय जनते’च्या ठायी मानले आहे. २०२० च्या घटनादुरुस्तीने मात्र रशियन भाषा ही ‘राज्यनिर्मात्या लोकां’ची भाषा असल्याचा उल्लेख ६८ व्या कलमात आणला. या दोन वचनांमधील ताण हाच येथे विचारात घेतलेल्या साऱ्या चळवळींचा आधार होय. भाषांतरात दोन्ही शब्दांचा ‘रशियन’ असा एकच प्रतिशब्द झाला म्हणजे वादाचा विषयच लुप्त होतो. म्हणून पुढील विवेचनात हा भेद सतत ध्यानात ठेवावयास हवा.

(२)

रशियन राष्ट्रवादी विचारात लोकसभेची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांना स्लाव्हवादी म्हणत त्या विचारवंतांनी खेड्यातील ‘ओब्श्चिना’ अथवा ‘मीर’ या संस्थेला रशियन आत्म्याचे निवासस्थान मानले. मीर म्हणजे गावकी. जमिनीची वाटणी, करांचा भरणा, सैन्यभरती यांसारखे प्रश्न गावातील कुटुंबप्रमुखांच्या सभेत सोडविले जात. या सभेस ‘स्खोद’ असे नाव होते. कॉन्स्तान्तिन अक्साकोव्ह याने १८५५ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर यास जे निवेदन सादर केले त्यात राज्य व भूमी यांची फारकत मांडली आहे. शासनाचा अमर्याद अधिकार राजाकडे आणि आचारविचारांचे पूर्ण स्वातंत्र्य लोकांकडे, अशी ती वाटणी होती. लोकांनी सत्ता मागू नये आणि सत्तेने लोकांच्या अंतरंगात हात घालू नये, हे त्यातील तात्पर्य होय.

या आदर्शचित्रात दोन गोष्टी झाकल्या गेल्या. पहिली अशी की, मीर ही लोकांची संस्था असली तरी ती राज्याच्या सोयीचीही होती. करांची जबाबदारी संपूर्ण गावावर सामुदायिकपणे टाकलेली असे. एकाने कर चुकविल्यास तो इतरांना भरावा लागे. साहजिकच गावकी हे परस्परसाहाय्याचे साधन होते तसेच परस्परांवर पाळत ठेवण्याचेही साधन होते. दुसरी गोष्ट अशी की, मीरचे सभासदत्व वास्तव्यावर व जमिनीवर आधारलेले होते. सभेत बसणारा गृहस्थ त्या गावचा आहे की नाही, एवढेच तेथे पाहिले जाई. त्या सभेत स्त्रियांना आणि तरुणांना क्वचितच स्थान मिळे, हे खरे. परंतु ‘रक्ताने कोण’ हा प्रश्न तिच्या रचनेत नव्हता. ज्या संस्थेला अस्सल देशी म्हणून गौरविण्यात आले तिची कीर्ती युरोपभर पसरविण्याचे श्रेय हाक्स्टहाउझेन या जर्मन प्रवाशाकडे जाते, हाही इतिहासाचा एक विनोदच. त्याने १८४३ मध्ये रशियाचा प्रवास करून १८४७ पासून आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला होता.

वंश हा सभासदत्वाचा निकष करून जनतेचे संघटन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९०५ च्या क्रांतीच्या वर्षी झाला. त्या वर्षी स्थापन झालेल्या ‘रशियन लोकसंघा’त दुकानदार, कारागीर, पाद्री, शेतकरी असे नाना थरांतील लोक सामील झाले. ज्यूंविरुद्धच्या हिंसेशी या संघाचे व तत्सम ‘काळ्या शतकां’चे नाव कायमचे जोडले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस झार दुसरा निकोलस याने संघाच्या शिष्टमंडळास भेट देऊन त्यांचे पदक स्वीकारले. लोकांतून उठलेल्या या संघटनेने राजाचा आश्रय घेतला आणि तेव्हापासून तिची स्वतंत्र शक्ती ओसरू लागली. पुढे तिच्यात फाटाफूट झाली. १९१७ च्या फेब्रुवारीत सिंहासन कोसळले तेव्हा ते सावरण्यासाठी हे लक्षावधी अनुयायी कोठे दिसले नाहीत. पुढील शतकातील घटना समजण्यास हे उदाहरण उपयोगी पडणारे आहे.

(३)

सोव्हिएत काळातील राष्ट्रवादी लोककार्याचा उगम वारसासंरक्षणात आहे. १९६५ मध्ये ऐतिहासिक व सांस्कृतिक स्मारकांच्या संरक्षणासाठी एक अखिल रशियन संस्था स्थापन झाली आणि तिचे सभासद पुढे लक्षावधींच्या संख्येने वाढले. मोडकळीस आलेली चर्चे, मठ, जुने वाडे यांच्या दुरुस्तीसाठी तरुणांच्या तुकड्या सुटीच्या दिवशी श्रमदान करू लागल्या. त्याच सुमारास ‘ग्रामीण गद्य’ म्हणून ओळखला जाणारा साहित्यप्रवाह जोर धरत होता. वसीली बेलोव्ह, व्हालेंतीन रास्पुतिन प्रभृती लेखकांनी ओसाड पडत चाललेल्या खेड्यांची व्यथा मांडली. १९७६ च्या ‘मात्योराला निरोप’ या रास्पुतिनच्या कादंबरीत धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या बेटाची कथा आहे. उत्तरेकडील व सैबेरियातील नद्यांचे पाणी दक्षिणेकडे वळविण्याच्या प्रचंड योजनेविरुद्ध सेर्गेय झालिगिन, बेलोव्ह, रास्पुतिन यांच्यासारख्या लेखकांनी आवाज उठविला आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये शासनाने ती योजना सोडून दिली. सोव्हिएत इतिहासात जनमताने शासनाला माघार घ्यावयास लावल्याची अशी उदाहरणे विरळाच.

या कार्यामागील गाऱ्हाणे खोटे नव्हते, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. रशियन संघराज्य हे सोव्हिएत संघातील सर्वांत मोठे घटकराज्य. परंतु इतर घटकराज्यांना स्वतःचा कम्युनिस्ट पक्ष होता, स्वतःची विज्ञान अकादमी होती. रशियाला १९९० पर्यंत स्वतंत्र पक्ष नव्हता आणि स्वतंत्र अकादमीही नव्हती. सामुदायिक शेतीच्या सक्तीने जे खेडे मोडले ते मुख्यतः रशियन व युक्रेनियन खेडे होते. सारे साम्राज्य आपल्या नावाने ओळखले जाते, पण त्यात आपल्या घराचा पत्ता नाही, अशी ही भावना होती.

तथापि गाऱ्हाणे खरे असणे आणि त्याचा आरोपी खरा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. खेडे मोडणारी धोरणे आणि चर्चे पाडणारे हुकूम पक्षाच्या कार्यालयांतून निघाले होते. पण त्या कार्यालयाकडे बोट दाखविणे धोक्याचे होते. मग बोट वळले ते ज्यूंकडे, ‘विश्वव्यापी’ मनोवृत्तीच्या लोकांकडे, फ्रीमेसनांच्या कल्पित कारस्थानाकडे. ‘पाम्यात’ म्हणजे ‘स्मृती’ या गटाचा इतिहास हे संक्रमण स्पष्ट करतो. व्लादिमीर चिव्हिलिखिन याच्या ‘पाम्यात’ या ग्रंथावरून नाव घेतलेली ही संस्था १९८० च्या सुमारास मॉस्कोतील ग्रंथप्रेमी व स्मारकप्रेमी मंडळींतून आकारास आली. दिमित्री वसील्येव्ह याच्या नेतृत्वाखाली काही वर्षांतच तिच्या व्याख्यानांचा विषय स्मारकांवरून कारस्थानांवर गेला. ६ मे १९८७ रोजी तिच्या अनुयायांनी मॉस्कोच्या मध्यवर्ती भागात विनापरवाना निदर्शने केली आणि मॉस्को पक्षशाखेचे तत्कालीन प्रमुख बोरिस येल्त्सिन यांनी त्यांची भेट घेतली. ज्या काळात असे एकत्र जमणे हाच अपराध होता त्या काळात मिळालेली ही भेट राज्यकर्त्यांची संदिग्ध वृत्ती दर्शविते. १९९० मध्ये लेखकसंघाच्या सभागृहातील ज्यूविरोधी दंगलीबद्दल याच वर्तुळातील एका पुढाऱ्यास शिक्षा झाली. पण तोवर चर्चची भिंत लिंपणाऱ्या हातांची जागा काळा सदरा घातलेल्या तरुणांनी घेतली होती.

(४)

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. संघाच्या १९८९ च्या जनगणनेत वंशाने रशियन असलेल्यांचे प्रमाण जेमतेम ५१ टक्के होते. नव्या रशियन संघराज्यात ते सुमारे ८० टक्के झाले. सुमारे अडीच कोटी रशियन वंशीय सीमेपलीकडे राहिले. प्रारंभीचा प्रश्न या बाहेर राहिलेल्यांचा होता. पण हळूहळू राष्ट्रवादी गटांचे लक्ष काकेशस व मध्य आशिया येथून रशियन शहरांत कामासाठी येणाऱ्यांकडे वळले. १९९० नंतरच्या दशकातील मुंडण केलेल्या तरुणांच्या टोळ्यांनी या माणसांवर जे हल्ले केले ते पुढील दशकात अधिकच वाढले. या हिंसेची नोंद ठेवणाऱ्या मॉस्कोच्या ‘सोवा’ केंद्राने २००८ या एका वर्षात शंभराहून अधिक खून नोंदविले. ज्या संस्थेने ही मोजदाद केली तिच्याच विसर्जनाचा आदेश २०२३ मध्ये न्यायालयाने दिला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

टोळीच्या हिंसेहून निराळी आणि अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारी पद्धत म्हणजे ‘नारोद्नी स्खोद’, अर्थात लोकसभा. २००२ मध्ये मॉस्को प्रांतातील क्रास्नोआर्मेय्स्क या गावी आर्मेनियन रहिवाशांविरुद्ध दंगल झाली. त्यापाठोपाठ ‘बेकायदा स्थलांतरविरोधी चळवळ’ ही संघटना उभी राहिली. स्थानिक भांडणाची वार्ता मिळताच तेथे पोहोचणे, गावकऱ्यांना चौकात जमविणे आणि त्यांच्या रागाला वांशिक मागण्यांचा मसुदा पुरविणे, हे तिचे कार्यतंत्र होते. करेलियातील कागदगिरणीचे गाव कोन्दोपोगा हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. २००६ च्या ऑगस्टअखेर तेथील एका उपाहारगृहात भांडण होऊन त्यात चेचेन गटाच्या हल्ल्यात दोन स्थानिक तरुण मारले गेले. पोलिसांनी वेळीच हस्तक्षेप केला नाही, ही गावकऱ्यांची तक्रार होती. २ सप्टेंबरला सुमारे दोन हजार लोक चौकात जमले. संघटनेचा पुढारी अलेक्सांद्र बेलोव्ह तेथे येऊन पोहोचला होता. काकेशसमधील लोकांना गावातून हाकलून द्यावे व बाजार स्थानिकांच्या हाती द्यावा, अशा मागण्या झाल्या. उपाहारगृह जाळण्यात आले, दुकाने फोडण्यात आली, आणि अनेक कुटुंबे गाव सोडून पळाली.

या प्रसंगाचे बारकाईने निरीक्षण केल्यास दोन तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. पोलीस वेळीच धावून आले नाहीत, ही नागरिकाची तक्रार आहे; ती कोणत्याही वंशाच्या मनुष्याला करता येते आणि तिचे उत्तर शासनाने द्यावयाचे असते. काकेशसचे लोक येथे नकोत, ही वंशाची तक्रार आहे. तिचे उत्तर शेजाऱ्याच्या हकालपट्टीत शोधले जाते. ज्यांना हाकलावयाचे होते ते चेचेन रशियाचेच नागरिक होते, ही गोष्ट ‘स्थलांतरित’ या शब्दाच्या आड लपली. सभेने पहिल्या तक्रारीपासून प्रारंभ केला आणि ती दुसऱ्या तक्रारीवर संपली. वंशवादी संघटनेचे सारे कौशल्य हे एवढे अंतर तोडण्यात असते.

हीच रीत पुढेही दिसते. २०१० च्या डिसेंबरात एका फुटबॉलप्रेमी तरुणाच्या खुनानंतर काही संशयितांना सोडून देण्यात आल्याने चिडलेले सुमारे पाच हजार लोक क्रेमलिनशेजारच्या मानेझ चौकात जमले. तपासयंत्रणेच्या वर्तनावरचा हा राग काही वेळातच काळ्या केसांच्या वाटसरूंवर कोसळला. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी मॉस्कोच्या बिर्युल्योव्हो या भागात एका तरुणाच्या खुनानंतर दंगल झाली. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी तेथील भाजीपाल्याच्या गोदामावर छापा घालून हजारावर परदेशी कामगारांना ताब्यात घेतले आणि पुढे ते गोदाम बंद झाले. खुनाशी या कामगारांचा काही संबंध होता असे कोणी म्हटले नव्हते. जमावाला जे हवे होते ते पोलिसांनीच कायद्याच्या वेषात पार पाडले.

याच काळात ‘रशियन संचलन’ हा वार्षिक उपक्रम रूढ झाला. ७ नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाची सुटी रद्द करून शासनाने २००५ पासून ४ नोव्हेंबर हा राष्ट्रीय ऐक्यदिन ठरविला. १६१२ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदचा व्यापारी कुझ्मा मीनिन व राजपुत्र पोझार्स्की यांनी लोकसेना उभारून पोलिश सैन्याकडून मॉस्को सोडविले, त्याची ही स्मृती. शासनाने ऐक्यासाठी दिलेला दिवस राष्ट्रवाद्यांनी पहिल्याच वर्षी आपल्या संचलनासाठी घेतला. पुढे हे संचलन शहराच्या मध्यापासून दूर ल्युब्लिनो येथे ढकलले गेले. काही वर्षे हे गट शासनाच्या विरोधकांच्या पंक्तीतही बसले. तेव्हा शासनाने आपले धोरण बदलले. २०११ मध्ये बेलोव्हच्या संघटनेवर आणि २०१५ मध्ये तिच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या ‘रुस्किये’ या संघटनेवर बंदी आली. पुढारी तुरुंगात गेले. २०१४ मध्ये क्रीमिया व दोन्बास यांच्या प्रश्नावर उरलेली चळवळ दुभंगली. काही जण एका बाजूने लढावयास गेले, काही दुसऱ्या बाजूने. त्या वर्षी मॉस्कोत एकाच दिवशी परस्परविरोधी संचलने निघाली.

(५)

पुढील टप्प्याचे नाव सेवा. ‘रशियन म्हणजे निर्व्यसनी’ अशी घोषणा देत २०११ च्या सुमारास रविवारी सकाळी सामुदायिक धावण्याचा उपक्रम अनेक शहरांत सुरू झाला होता; त्यात या वृत्तीचे बीज होते. परंतु तिला संघटित रूप आले ते २०२० मध्ये स्थापन झालेल्या ‘रुस्काया ओब्श्चिना’ या संस्थेत. नावात जुनी गावकी आहे. साधने मात्र नवीन आहेत. संकटात सापडलेल्या सभासदाने दूरध्वनीवरील एका खुणेने हाक द्यावी आणि जवळच्या सभासदांनी धावून जावे, अशी तिची योजना आहे. वकिलाची मदत, गरजू कुटुंबांना साहाय्य, गर्भपातविरोधी प्रचार, युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी सामग्री गोळा करणे, अशी अनेक कामे ती करते. शंभराहून अधिक शहरांत तिच्या शाखा पसरल्या. मुष्टियोद्धे व व्यायामपटू यांचा भरणा असलेली ‘उत्तरेचा माणूस’ ही तत्सम संघटना २०२३ पासून पुढे आली.

या सेवेची दुसरी बाजू म्हणजे छापे. कामगारांची वसतिगृहे, बाजार, बांधकामाच्या जागा येथे या गटांचे कार्यकर्ते पोलिसांबरोबर, कधी पोलिसांच्या आधी, जाऊन पोहोचतात. माणसांची कागदपत्रे तपासली जातात आणि त्या प्रसंगाची चित्रफीत प्रसृत केली जाते. २२ मार्च २०२४ रोजी मॉस्कोजवळील क्रोकस सभागृहात झालेल्या दहशतवादी हत्याकांडात १४० हून अधिक लोक मारले गेले आणि आरोपी ताजिकिस्तानचे निघाले. त्यानंतर या कार्याला मोठीच चालना मिळाली. शासनाचीही भाषा कठोर झाली. तपास समितीचे तत्कालीन प्रमुख अलेक्सांद्र बास्त्रिकिन यांनी नव्याने नागरिकत्व मिळालेल्या स्थलांतरितांना युद्धक्षेत्रात पाठविले जात असल्याचे जाहीरपणे अभिमानाने सांगितले.

दशकापूर्वी ज्या मागण्यांसाठी पुढारी तुरुंगात गेले त्याच मागण्या आता पोलिसांच्या सहवासात पुऱ्या होऊ लागल्या, हा बदल कसा घडला? बेलोव्हची चळवळ स्थलांतरितांविरुद्ध होती, पण ती अधिकाऱ्यालाही जाब विचारीत होती. लाच घेऊन गोदामे कोणी चालू दिली, संशयितांना कोणी सोडले, हे प्रश्न तिच्या सभेत निघत. नव्या ओब्श्चिनेने हे प्रश्न गाळले. ती अधिकाऱ्याला मदत करते, त्याच्याकडे हिशेब मागत नाही. जे हा हिशेब मागत राहिले त्यांचे काय झाले, हे ईगोर गिर्किन याच्या उदाहरणावरून कळते. दोन्बासच्या युद्धातील हा नायक युद्धाच्या संचालनावर टीका करू लागला, २०२३ मध्ये त्याने ‘संतप्त देशभक्तां’चे मंडळ काढले, त्याच वर्षी जुलैत त्यास अटक झाली आणि २०२४ च्या जानेवारीत चार वर्षांची शिक्षा झाली. वंशनिष्ठेबद्दल त्याला शिक्षा झाली नाही. जाब विचारल्याबद्दल झाली.

यावरून एक नियम काढता येतो. वंशवादी लोककार्यात दोन घटक असतात : एक सहभागाचा आणि दुसरा बहिष्काराचा. सामान्य माणसाने एकत्र यावे, बोलावे, अधिकाऱ्याला प्रश्न करावा, हा पहिला. अमुक वंशाचा मनुष्य आपल्यातला नव्हे, हा दुसरा. राजसत्ता अशा चळवळीशी व्यवहार करते तेव्हा ती बहिष्कार उचलते आणि सहभाग टाकून देते. १९०५ च्या संघाचे हेच झाले आणि ओब्श्चिनेच्या बाबतीतही तीच प्रक्रिया चालू आहे.

(६)

या विषयावरील संशोधनाचे स्थूलमानाने तीन पक्ष दिसतात. पहिला पक्ष या चळवळींना राज्याची निर्मिती मानतो. यिट्झाक ब्रुडनी (१९९८) यांनी सोव्हिएत शासनाने राष्ट्रवादी लेखकांना पदे, पुरस्कार व मोठ्या आवृत्त्या देऊन सामावून घेण्याचे धोरण कसे चालविले हे दाखविले. निकोलाय मित्रोखिन (२००३) यांनी पक्षयंत्रणा, युवक संघटना व साहित्यसंस्था यांतील ‘रशियन पक्षा’चे जाळे उलगडले. या संशोधनाचे मोल वादातीत आहे. परंतु त्याचा सरसकट विस्तार केल्यास कोन्दोपोगाच्या चौकातील दोन हजार माणसांचा खुलासा होत नाही. ती माणसे कोणाच्या हुकमाने आलेली नव्हती.

दुसरा पक्ष नागरी समाजाच्या सिद्धान्ताचा. रॉबर्ट पटनम (१९९३) यांनी इटलीच्या अभ्यासातून स्वयंसेवी संस्थांच्या घनदाट जाळ्याचा आणि कार्यक्षम लोकशाहीचा संबंध जोडला. शेरी बर्मन (१९९७) यांनी वायमार जर्मनीच्या उदाहरणाने त्यास छेद दिला : तेथे संस्थांचे जाळे दाटच होते, आणि नाझी पक्षाने त्याचाच शिडीसारखा उपयोग केला. बर्मन यांचा आक्षेप रशियाला मात्र तंतोतंत लागू पडत नाही. जर्मनीत दुबळ्या राज्याचा चळवळीने कब्जा घेतला. रशियात बलाढ्य राज्य चळवळीचा कब्जा घेते. शिडी तीच आहे, चढणारा निराळा आहे.

तिसरा पक्ष अशा गटांना ‘अनागरी समाज’ असे नाव देऊन त्यांना मूळ वर्गीकरणातून वगळतो. हा मार्ग सोयीचा, पण चकविणारा आहे. चांगल्या चळवळींना नागरी म्हणावे व वाईटांना अनागरी, असे ठरविल्यास ‘नागरी समाज लोकशाहीला पोषक असतो’ हे विधान व्याख्येनेच खरे ठरते आणि त्यातून नवे ज्ञान काही मिळत नाही. शिवाय आजारी शेजाऱ्याकडे औषध पोहोचविणारा हात आणि वसतिगृहाचे दार ठोठावणारा हात हे एकाच मनुष्याचे असू शकतात, ही अडचणीची वस्तुस्थिती हे नामकरण झाकून टाकते. पोल कोल्स्टो व हेल्गे ब्लाक्किस्रुद यांनी संपादित केलेल्या २०१६ च्या ग्रंथात रशियन राष्ट्रवादाचा कल साम्राज्यनिष्ठेकडून वंशनिष्ठेकडे झुकत असल्याचे प्रतिपादन आहे. ते विचारांच्या इतिहासापुरते मार्मिक आहे. पण कृतीच्या पातळीवर पुढील काळाने दाखविले ते असे की, वंशनिष्ठ संघटन साम्राज्याच्या युद्धासाठी सामग्री गोळा करू शकते, आणि त्यात तिला विसंगतीही वाटत नाही.

तेव्हा कसोटी दुसरीकडे शोधली पाहिजे. चळवळ खालून आली की वरून, तिचे सभासद किती, तिची सेवा खरी की देखाव्याची, हे प्रश्न आवश्यक असले तरी अपुरे आहेत. त्यांच्या जोडीला दोन प्रश्न विचारावे लागतील : तिच्या सभेत बसण्याचा अधिकार कशावरून ठरतो, आणि ती सभा कोणाकडे हिशेब मागते.

(७)

या कसोटीची उपयुक्तता एका विरुद्ध उदाहरणाने तपासता येते. २०१८ च्या उन्हाळ्यात आर्खांगेल्स्क प्रांतातील शियेस या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळ मॉस्कोचा कचरा आणून टाकण्यासाठी भव्य तळ उभारला जात असल्याचे आसपासच्या लोकांना कळले. त्यांनी दलदलीच्या त्या रानात छावणी घातली आणि कडाक्याच्या उत्तरी हिवाळ्यातही ती उठविली नाही. आर्खांगेल्स्कमधील रशियन आणि शेजारच्या कोमी प्रजासत्ताकातील कोमी, दोघेही तेथे पहाऱ्याला होते. ‘उत्तर म्हणजे कचराकुंडी नव्हे’ ही त्यांची भावना होती. तीत रशियन खेड्याचे तेच जुने दुःख होते : राजधानी घेते आणि घाण परत पाठविते. परंतु छावणीत येणाऱ्याला कोणी त्याचा वंश विचारला नाही. आणि जाब विचारला गेला तो प्रांताच्या राज्यपालाला व मॉस्कोच्या महापालिकेला. २०२० मध्ये ही योजना सोडून देण्यात आली.

बेलोव्ह व रास्पुतिन यांच्या साहित्यातील व्यथेचे खरे वारस कोण, असा प्रश्न केल्यास त्याचे उत्तर शियेसच्या रानात सापडते. नदी, जमीन व गाव यांच्यासाठी वास्तव्याच्या नात्याने एकत्र येणे, हेच जुन्या मीरचे अस्सल तत्त्व होते. रुस्काया ओब्श्चिनेने मीरचे नाव घेतले आणि तत्त्व वगळले. त्याऐवजी तिने मीरचा दुसरा वारसा उचलला : परस्परांवरील पाळत आणि राज्यासाठी करावयाची वसुली. फरक एवढाच की, पूर्वी वसुली कराची होती, आता माणसांची आहे.

या व्यवहारात हानी कोणाची होते? पहिली हानी अर्थातच त्या ताजिक, उझबेक, किरगीझ कामगाराची, ज्याच्या खोलीचे दार रात्री ठोठावले जाते आणि ज्याला तक्रार करावयास कोणतीही सभा उरलेली नाही. परंतु दुसरी हानी वंशाने रशियन असलेल्या सामान्य मनुष्याचीच आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. कोन्दोपोगात पोलीस वेळेवर का आले नाहीत, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. त्याच्याजवळ प्रश्न होता. चळवळीने तो घेतला आणि बदल्यात त्याला शत्रू दिला. सत्तेला हा विनिमय सोयीचाच होता, कारण शत्रूचा बंदोबस्त करता येतो, प्रश्नाचे उत्तर मात्र द्यावे लागते. लोकचळवळींचा अभ्यास करणाऱ्याने जमावाची संख्या मोजावी, सेवेच्या नोंदी तपासाव्यात. पण तेवढ्यावर न थांबता मूळ प्रश्न सभेच्या अखेरीस शिल्लक राहिला की नाही, हेही पाहिले पाहिजे.